हात थरथरतो तो बेवडाच काय?

आमच्या वस्तीत म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरायला लागला की त्याला एकच शब्द मिळतो. बेवडा. पुढचा तपास कुणी करत नाही. चहाची बशी हिंदकळली, बेवडा. रेशनच्या दुकानात पिशवीचं तोंड धरता आलं नाही, बेवडा. हाच हात एखाद्या निवृत्त साहेबाचा असला तर लोक हळहळतात, खुर्ची पुढं करतात, वय झालं म्हणतात. थरथर तीच. माणूस बघून तिचं नाव बदलतं.

मित्रांनो, या अंकासाठी माझ्याकडं कविता मागितली होती. कविता पुढच्या खेपेला देईन. या वेळी हातांविषयी लिहितो, कारण आमच्या घरात या थरथरीनं भाकरीवर आणि अब्रूवर हात घातला. मी दहावीपर्यंत शाळेत गेलो. पुढचं शिक्षण रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत. इंग्रजी बाबासाहेबांचे ग्रंथ समोर ठेवून, एकेक शब्द डिक्शनरीत बघत शिकलो. त्याच इंग्रजीवर या आजाराविषयी सापडलं तेवढं वाचलं, डॉक्टरांना विचारलं. ते तुम्हाला ठाऊक पाहिजे. तुम्ही वस्तीत फिरता, लोकांचे अर्ज लिहून देता. असा हात तुमच्यासमोर येणारच.

आधी आमचं घर सांगतो.

माझा आजा, आम्ही त्याला आबा म्हणतो, १९६६ साली गाव सोडून मुंबईला गेला. वरळीच्या चाळीत एका खोलीत अकरा माणसं. गिरणीत रिंग खात्यात लागला. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला पूर्वी घेतच नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठाला कसा चालायचा? १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला होता. आबा लागला तेव्हा दार थोडं किलकिलं झालेलं, तरी आपली बहुतेक माणसं रिंग खात्यातच. तुटलेला धागा चिमटीत धरायचा आणि फिरत्या चातीवर सांधायचा. दिवसभर तेच. आबाची चिमूट चुकत नव्हती असं त्याच्या बरोबरीची माणसं अजून सांगतात.

पाळी सुटली की आबा रात्रशाळेत जायचा. गावाकडं त्याच्या बापाचा अंगठा सगळ्या कागदांवर उठायचा आणि कागदात काय लिहिलंय ते बापाला ठाऊक नसायचं. आबानं ठरवलं, आपण सही करायची. नुसती सही नाही, पुढं तो चाळीतल्या लोकांची पत्रं आणि मनिऑर्डरी लिहायला लागला. जयंतीचा फळा त्याच्याच हातचा असायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यातल्या हजारोंसारखा आबा परत आत गेला नाही. बिऱ्हाड घेऊन इचलकरंजीला आला आणि मागावर राबला.

पासष्टीच्या पुढं आबाचा हात हलायला लागला. हात मांडीवर ठेवला की शांत. पेन उचललं, वाटी उचलली की सुरू. हे नीट ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल. आबानं आयुष्यात दारूला बोट लावलेलं नाही. दीक्षा घेतलेल्या बापाचा पोरगा तो, पंचशील पाळतो. तरी गल्लीतली पोरं त्याच्या मागं हात हलवून दाखवायची.

आबाचा धाकटा भाऊ, आमचा तात्या, तो मात्र प्यायचा. तो बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. चाळिशीतच त्याची बोटं भोकांवर टिकेनात. लग्नाच्या सुपाऱ्या जायला लागल्या. कुणीतरी सांगितलं, वाजवायच्या आधी घोटभर घे, बोट बसतं. आणि खरंच बसलं. हा काही तात्याचा भ्रम नव्हता. या आजारात थोडी दारू पोटात गेली की पुष्कळ जणांची थरथर तास-दोन तास कमी होते, हे डॉक्टरही सांगतात. मग उतरली की जास्त जोरानं येते. म्हणून आणखी घोट. तात्या त्या घोटातच गेला. लोक म्हणाले, दारूनं हात गेला. उलटं होतं. हातासाठी दारू आली आणि दारूनं माणूस गेला.

आता बा. माझा बा सूतगिरणीत ठेक्यावर आहे, माझ्यासारखाच. पन्नाशीनंतर त्याचेही हात सुरू झाले. एक दिवस पाळीला जाताना गेटवर सुपरवायझरनं अडवलं. तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. तरी तीन दिवस काम नाही. घरी येऊन बा म्हणाला, “वास न्हाई म्हटल्यावर बी सोडंना. म्हणतोय, हात सांगाय लागलाय की.” तीन दिवसांची हजेरी गेली. ठेक्याच्या माणसाला कागद मिळत नाही, कारण मिळत नाही. नुसतं गेट मिळतं.

तेव्हा मी आबाला आणि बाला दोघांनाही घेऊन जिल्ह्याच्या गावी मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. दोन खेपा रांगेतच गेल्या. तिसऱ्या खेपेला एक तरुण डॉक्टर भेटला. पहिला प्रश्न तोच, “आजोबा, दारू किती घेता?” आबा नुसता बघत राहिला. मी सांगितलं, घेत नाहीत. मग मात्र त्यानं नीट तपासलं. हात मांडीवर ठेवायला लावले. पुढं ताणून धरायला लावले. बोट नाकाला लावून परत समोरच्या बोटाला लावायला सांगितलं. पाण्याचा पेला या हातातून त्या हातात ओतायला लावला. कागदावर मधून सुरू करून बाहेर जाणारं जिलेबीसारखं वेटोळं काढायला दिलं. आबाची जिलेबी करवतीच्या दातांसारखी आली. बाची तशीच, जरा कमी.

डॉक्टर म्हणाला, हा इसेन्शियल ट्रेमर. मी आबाला सांगितलं, इसेन्शियल म्हणजे आवश्यक. आबा म्हणाला, “आवश्यक? कुणाला आवश्यक हाय ह्यो?” डॉक्टर हसला. मग त्यानं समजावलं. वैद्यकात त्या शब्दाचा अर्थ एवढाच की मागं दुसरं कारण सापडत नाही, थरथर हाच मूळ आजार. मेंदूच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, हालचालीचा ताल तो सांभाळतो. तिथून जाणाऱ्या निरोपांत बिघाड होतो असं मानतात. हात सेकंदाला चार ते बारा वेळा हलतो. काम करताना हलतो, विसाव्याला बहुधा थांबतो. दोन्ही हात धरतो. काहींची मान हलते, काहींचा आवाज कापतो. चहा-कॉफी जास्त झाली, झोप झाली नाही, चारचौघांत कुणी रोखून बघायला लागलं, की वाढतो. गेटवर सुपरवायझर समोर उभा राहिला की बाचा हात जास्त का हलतो ते मला तिथं कळलं. भीतीनं आजार होत नाही. पण भीती त्याला फुगवते.

लोक याला पार्किन्सन समजतात. तो वेगळा. पार्किन्सनची थरथर बहुतेक वेळा हात विसाव्याला असताना दिसते, एका बाजूनं सुरू होते, माणूस हळू होतो, अंग ताठरतं, अक्षर बारीक बारीक होत जातं. आबाचं अक्षर उलट मोठं आणि वाकडंतिकडं झालं. दोन्हींना आपल्याकडं सरसकट कंपवात म्हणतात, आणि म्हणून औषधाचाही घोटाळा होतो.

डॉक्टरनं विचारलं, घरात आणखी कुणाला? मी बोटं मोजली. आबा, तात्या, बा. तो म्हणाला, या आजाराच्या निम्म्याच्या आसपास लोकांच्या घरात आणखी कुणीतरी असतोच. पुष्कळ घराण्यांत तो पिढीतून पिढीत सरळ उतरतो, आईबापांपैकी एकाला असला तर लेकराला येण्याची शक्यता निम्मी. मी सव्वीस वर्षांचा आहे. माझीही भाकरी चिमटीवर आहे. रात्रपाळीत कधीकधी साच्यांच्या मधल्या गल्लीत मी हात पुढं ताणून बघतो. अजून थांबलेला आहे.

वस्तीत काही जण म्हणतात मागल्या जन्माचं पाप. काही जण करणी म्हणतात, अंगारा लावतात. बापाकडून नाक येतं, उंची येते, तशी ही थरथर येते. यात पाप कुठून आलं? मागल्या जन्माच्या पापाची गोष्ट सांगूनच आपल्याला हजारो वर्षं गावाबाहेर ठेवलं. तीच गोष्ट आपण आपल्या म्हाताऱ्यांना सांगायची?

आता आकडे. बाबासाहेब १९१९ साली साउथबरो समितीपुढं गेले ते आकडे घेऊन गेले. आपण नुसती घोषणा घेऊन जातो. म्हणून हे आकडे पाठ करा.

२०१० साली संशोधकांनी १९ देशांतल्या २८ पाहण्या एकत्र मांडल्या. सगळ्या वयाची माणसं धरली तर शंभरात ०.९ जणांना हा आजार. पासष्ट आणि त्यापुढच्या वयात शंभरात ४.६. २०२१ साली आणखी पाहण्या धरून परत मांडणी झाली. तेव्हा सगळ्या वयांचा आकडा १.३ आणि पासष्टच्या पुढचा ५.८ आला. अगदी म्हाताऱ्या माणसांत काही पाहण्यांत तो २० च्याही वर गेला. म्हणजे प्रौढ माणसांत हालचालीचे जे आजार होतात त्यांतला हा अगदी नेहमीचा. पाहणी-पाहणीत फरक पडतो, कारण काही ठिकाणी नुसतं तोंडी विचारतात आणि काही ठिकाणी घरात बसून हात बघतात, जिलेबी काढायला लावतात. जिथं हात बघतात तिथं जास्त सापडतात. आणि घरोघर जाऊन शोधलेल्यांतले पुष्कळ जण त्याआधी कधीच डॉक्टरकडं गेलेले नसतात.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. एक, हा आजार दुर्मिळ नाही. ज्या वस्तीत पासष्टच्या वरची शंभर माणसं आहेत तिथं पाच-सहा जणांना तो असायचाच. दोन, उरलेल्या चौऱ्याण्णव-पंचाण्णव जणांना तो नाही. म्हणून ‘वय झालं की हात हलायचेच’ हेही खोटं. वयाबरोबर तो वाढतो, पण म्हातारपण म्हणजे तो नव्हे.

मुंबईतही अशी पाहणी झाली होती. १९८८ साली ती छापून आली. पारशी वसाहतींमध्ये घरोघर जाऊन चौदा हजारांच्या आसपास माणसं तपासली आणि शंभरात दीडच्या वर लोकांना हा आजार सापडला. पारशी समाजात म्हातारी माणसं जास्त, वसाहती ठरलेल्या, त्यामुळं मोजायला सोयीचं. त्या समाजानं मोजून घेतलं हे चांगलंच केलं, त्याबद्दल आकस नाही. पण मी आबाला विचारलं, वरळीच्या चाळीत कधी कुणी हात बघायला आलं होतं? आबा म्हणाला, “आलं होतं की. पोलीस आलं होतं. हातात धोंडा हाय का बघाय.”

औषधाचं सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येणार. पूर्ण बरा करणारं औषध नाही. थरथर कमी करणारी दोन जुनी औषधं आहेत. एक प्रोप्रॅनोलॉल, मूळ रक्तदाबाचं आणि हृदयाचं. दुसरं प्रिमिडोन, मूळ फिट येणाऱ्यांसाठीचं. कुणाला पुष्कळ गुण येतो, कुणाला थोडा, कुणाला नाही. मेंदूत तार बसवायची शस्त्रक्रिया आहे. ध्वनिलहरींनी मेंदूतली नेमकी जागा जाळायच्या उपचाराला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. ते सगळं आपल्या खिशाच्या बाहेरचं. पण पहिली दोन औषधं साधी आहेत, सरकारी दवाखान्यात विचारता येतात.

बाला प्रोप्रॅनोलॉल लागू पडलं. आबाला ते देता आलं नाही. दम्याच्या माणसाला ते चालत नाही, श्वासनळ्या आवळतात. आबाच्या छातीत गिरणीचा कापूस बसला आहे. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या या रोगाला बिसिनोसिस म्हणतात, कारखाना कायद्याच्या रोगांच्या यादीतही त्याचं नाव आलं. दमासाठी आबा तोंडात फवारा मारतो. त्या फवाऱ्यातल्या औषधानं हात आणखी हलतो. दमाचं औषध हात हलवतं आणि हाताचं औषध दम वाढवतं. गिरणीची जमीन विकली गेली, तिथं टॉवर उभे राहिले, आणि गिरणी आबाच्या छातीत अजून चालू आहे. शेवटी प्रिमिडोनची बारीक मात्रा रात्री सुरू केली. पहिले काही दिवस आबाला गुंगी यायची, तोल जायचा. आता वाटी अर्धी भरून दिली तर स्वतः पितो.

आमच्या गल्लीतल्या आत्याबाईंची गोष्ट निराळी. त्यांचे हात ठीक आहेत, मान हलते. नाही नाही म्हटल्यासारखी. बायकांमध्ये मान हलण्याचं प्रमाण जास्त असतं. महिला मंडळाच्या बैठकीत ठराव मांडला की आत्याबाई सगळ्यांच्या आधी हात वर करतात आणि मान नाही म्हणते. एकदा नव्या पोरीनं त्यांचं मत विरोधात लिहिलं. आत्याबाई म्हणाल्या, “अगं, मानंचं काय लिवतीस? हाताचं लिव.” सगळ्या हसल्या, त्याही हसल्या. पण रेशन दुकानदार त्यांना, “काय गं म्हातारे, नको का?” म्हणून रांगेतून मागं सारतो तेव्हा हसू येत नाही.

आता बँकेचं. हे नीट वाचा.

आबाची पेन्शन बँकेत येते. एका महिन्यात स्लिपवरची सही जुळत नाही म्हणून कारकुनानं स्लिप परत केली. पुन्हा केली. जुळली नाही. मागं रांग, सगळे बघतात, हात जास्त हलतो. कारकून म्हणाला, “बाबा, अंगठा देऊन टाका, सोपं पडेल.” आबा म्हणाला, “अंगठा माझ्या बापानं दिला. मी न्हाई देणार.” आणि पैसे न घेता घरी आला. असं तीनदा झालं. घरात पीठ उसनं आणलं पण आबा हलला नाही.

कारकुनाच्या लेखी ही म्हाताऱ्याची हट्टी खोड. अंगठा देण्यात कमीपणा नाही. ज्याला लिहायला मिळालंच नाही त्याचा अंगठा हा आपल्या इतिहासाचा पुरावा आहे. पण ज्यानं आठ तास साच्यावर उभं राहून, रात्री कंदिलाखाली अक्षरं गिरवून ती सही मिळवली, त्याच्याकडून ती सोय म्हणून काढून घ्यायची? आजारानं अक्षर बिघडवलं. माणूस निरक्षर झालेला नाही.

मी नियम शोधले. रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. आजारी किंवा थकलेल्या खातेदाराला सही करताच येत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस असावा लागतो. २०१७ सालच्या सूचनेप्रमाणं सत्तरच्या वरच्यांना घरपोच सेवा द्यायची आहे. आणि सही बदलली असेल तर अर्ज देऊन नमुन्याची नवी सही नोंदवता येते. हे शेवटचं आम्ही पकडलं. डॉक्टरची चिठ्ठी जोडली, अर्ज मी लिहिला, मॅनेजरसमोर ठेवला. मॅनेजरनं दोनदा वाचला आणि कार्ड पुढं केलं. आबानं कोपर टेबलावर टेकवलं, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि सही केली. वेळ लागला. मॅनेजर थांबला. आबा म्हणाला, “आता हीच माझी सही. हिच्याशी जुळवा.” तेव्हापासून स्लिप परत आलेली नाही.

कायद्याचंही ध्यानात असू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात मेंदू-मज्जासंस्थेच्या जुनाट आजारांमध्ये पार्किन्सनचं नाव उदाहरण म्हणून दिलेलं आहे. या थरथरीचं नाव नाही. पण तिथं ‘यांसारखे’ या अर्थाचा शब्द आहे. त्या एका शब्दावर पाय रोवून भांडता येईल. भांडायला आधी माणसं मोजलेली पाहिजेत.

म्हणून आम्ही चौघांनी मिळून दोन रविवार आमची वस्ती पालथी घातली. वही, पेन आणि पाण्याचे दोन पेले. पासष्टच्या वरच्या प्रत्येकाला जिलेबी काढायला लावली, पाणी ओतायला लावलं. काही म्हातारे रुसले, म्हणाले आमची परीक्षा घेताय काय. काहींनी दोन-दोन जिलेब्या काढल्या. ज्यांचे हात हलले अशी सात माणसं सापडली. सातांतली पाच कधीच डॉक्टरकडं गेली नव्हती. आम्ही डॉक्टर नाही. सातांपैकी कुणाला थायरॉईड असेल, कुणाला एखाद्या गोळीचा परिणाम असेल, कुणाला पार्किन्सन असेल, कुणाला खरंच दारू सुटल्याची थरथर असेल. ज्याची दारूची असेल तोही माणूस आहे, त्यालाही दवाखाना पाहिजे. सातही जणांना आम्ही दोन-दोन करून दवाखान्यात नेतोय. आणि कुणाचा हात एकाएकी हलायला लागला, बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी पडली, तर वाट बघायची नाही, त्याच घडीला दवाखाना गाठायचा.

तुम्हीही तुमच्या वस्तीत हे करा. खर्च काही नाही. ठेक्यावरच्या कामगाराला डॉक्टरची चिठ्ठी काढून द्या, ती खिशात असू दे. बँकेत म्हाताऱ्याबरोबर जा. विहारात चहा देताना कप अर्धाच भरा. मेणबत्ती लावायची पाळी आली तर त्यांच्या हातातून काडी काढून घेऊ नका. जरा थांबा. लागते ती मेणबत्ती.

आणि आपल्या पोरांच्या तोंडातला तो शब्द आधी बंद करा. दुसऱ्यांनी दिलेली नावं आपण जाळली. आपल्याच म्हाताऱ्याला आपण दिलेलं नाव आपणच परत घ्यायचं आहे.

तुमच्या वस्तीत किती सापडले ते या अंकाच्या पत्त्यावर कळवा. नावं नकोत, नुसते आकडे पाठवा. पुढच्या अंकात एकत्र छापू.

जयभीम.